खरा 'स्टड' कोण?

कॉलेजात असताना प्रत्येक ग्रुपमध्ये एक 'स्टड' असायचा. जेल लावून उभे केलेले केस, बाइकची चावी बोटावर गरगर फिरवायची स्टाइल आणि कँटीनमध्ये शिरला की चार माना वळणार, असा. आज तो बहुधा कुठल्याशा कंपनीत टीम लीड आहे, पोट थोडं सुटलंय आणि ईएमआयवर घेतलेल्या गाडीतून ऑफिसला जातोय. जाऊ दे. आज आपल्याला त्याच्याशी घेणं नाही. आजचा आपला हीरो त्याच्या गाडीच्या चाकात बसलाय. उंची जेमतेम दोन इंच, जाडी करंगळीएवढी, अंगाला ग्रीसचा वास. पण तो शाबूत आहे म्हणून साहेब ताशी शंभरच्या स्पीडने एक्स्प्रेस-वेवर गाणी गुणगुणत जाऊ शकतात.

आधी एक छोटीशी क्विझ. तुमच्या गाडीच्या एका चाकाला नट किती?

फोनचा रॅम किती, कॅमेरा किती मेगापिक्सेल, हे तुम्ही झोपेतही सांगाल. गाडीचं मायलेज, सनरूफ, टचस्क्रीनचा साइझ, सगळं तोंडपाठ. पण नट किती? लिफ्टने पार्किंगमध्ये जाऊन मोजून या, मी थांबतो. बहुतेक छोट्या हॅचबॅकना चार, मोठ्या सेडान आणि एसयूव्हींना पाच, काही दणकट गाड्यांना सहा. बस. जमिनीला टेकणारं चाक आणि वरची आख्खी गाडी यांच्यातलं नातं एवढ्या चार-पाच जणांच्या भरवशावर चाललेलं असतं.

चिमटा आणि हत्ती

चाक काढलेलं कधी नीट पाहिलंय? पंक्चरवाल्याकडे उभे असताना आपण सहसा फोनमध्ये असतो, म्हणून विचारलं. चाक बाजूला झालं की मागे ड्रम किंवा डिस्क दिसते आणि तिच्यातून आटे असलेले चार-पाच दांडे बाहेर डोकावत असतात. ते स्टड. मागच्या बाजूने हबमध्ये दाबून बसवलेले असतात. त्यांच्या मानेशी बारीक दाते असतात, ते हबच्या लोखंडात रुततात, त्यामुळे नट आवळताना स्टड गोल फिरत नाही. चाकाची भोकं या दांड्यांवर अडकवायची आणि वरून नट आवळायचे. मारुती, ह्युंदाई, टोयोटा, होंडा यांच्या गाड्यांत साधारण हीच पद्धत. फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज ही युरोपियन मंडळी स्टड ठेवतच नाहीत. तिथे लांब बोल्ट थेट हबमध्ये जातो. काम तेच, स्टाइल वेगळी.

आता इथे भल्याभल्यांचा एक गैरसमज असतो. आपल्याला वाटतं, खुंटीवर शर्ट लटकावा तशी गाडी या स्टडवर लटकलेली असते. तसं नाही, बॉस! स्टडचं खरं काम दोरीवरच्या कपड्याला लावलेल्या चिमट्याचं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा. त्या ताणामुळे चाक हबवर दाबून धरलं जातं आणि दोन्ही लोखंडी पृष्ठभाग एकमेकांना असे घट्ट चिकटतात, की त्यांच्यातल्या घर्षणावरच गाडीचा भार आणि ब्रेकचा झटका पेलला जातो. चिमटा घट्ट आहे तोवर स्टडला बाजूने फटके बसतच नाहीत. चिमटा ढिला झाला, की मात्र सगळे फटके त्याच्याच अंगावर.

हा चिमटा किती ताकदीचा? छोट्या गाड्यांचे नट साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो (तेच पुस्तक, जे ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पडून आहे). १२ मिलिमीटरच्या स्टडवर १०० न्यूटन-मीटर लावले, की एकेका स्टडमध्ये सुमारे ४ टनांचा ताण तयार होतो. म्हणजे प्रत्येक नटामागे एक हत्ती! चार नट म्हणजे चार हत्ती तुमचं चाक दाबून उभे आहेत असं समजा.

गंमत अशी, की आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला फार थोडा या कामी येतो. इंजिनिअर लोकांचा ढोबळ हिशोब असा: निम्मा जोर नटाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात आणि उरलेला जेमतेम १० टक्के प्रत्यक्ष ताणात. सीटीसी आणि इन-हँड सॅलरीतला फरक तुम्हाला मी काय सांगणार! म्हणूनच आट्यांना ऑइल लावून 'स्मूद' करायचा मोह आवरा. कंपनीने सांगितलं नसेल, तर तिथे तेल नाही, ग्रीस नाही. घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात ताण कितीतरी वाढतो आणि स्टड पेलता येईल त्यापेक्षा जास्त खेचला जातो. आटे स्वच्छ आणि कोरडे, हा साधा फंडा.

शिंदखेड्याच्या रस्त्यावर

मागच्या डिसेंबरात मावसभावाच्या गाडीतून शिंदखेड्याला जायचा योग आला. धुळे जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन, जवळून जाणारी बुराई नदी, आजूबाजूला कापूस आणि हिवाळ्यात संध्याकाळी घराघरांतून येणारा वांगी भाजल्याचा वास. पुण्याहून साडेतीनशे किलोमीटरच्या वर पल्ला. गाडीत भाऊ, वहिनी, मी आणि मागच्या सीटवर मावशी, शेजारी तिची चार वर्षांची नात.

निघायच्या आठवडाभर आधी भावाने शहरातल्या एका चकाचक टायर शॉपमध्ये चारही टायर नवे घातले होते. एसी वेटिंग रूम, फुकट कॉफी आणि काचेपलीकडे एअर गनची 'टर्रर्र'. वीस मिनिटांत गाडी हातात.

सोनगीर मागे पडलं, हायवे सोडून आत वळलो आणि मागच्या डाव्या बाजूने 'टक... टक... टक' सुरू झालं. स्पीड वाढला की वाढायचं, कमी केला की कमी. वहिनी म्हणाली, डिकीत काहीतरी लोळतंय. मावशी म्हणाली, "गाडी लंगडतेय रे. थांबव." मावशीला गाडी चालवता येत नाही, पण बैलगाडीत वाढलेल्या माणसाला चाक बोलतं ते कळतं. गाडी बाजूला घेतली. भावाने मागची व्हीलकॅप ओढून काढली, तसे दोन नट घरंगळत त्याच्या हातात आले, पोटात तुटलेल्या स्टडचे तुकडे घेऊन. चार नटांच्या चाकाला दोनच नट उरले होते.

"एक इंचही हलवायची नाही गाडी," मावशीचं फर्मान. गावातल्या नातेवाइकांना फोन गेला. ते मावशी, वहिनी आणि छोटीला त्यांच्या गाडीतून घेऊन गेले आणि पाठोपाठ मोटरसायकलवर एक मिस्तरी आले. साठीचे, मफलर गुंडाळलेला, मागे हत्यारांची पिशवी सांभाळत बसलेला पोऱ्या.

"काय व्हयनं, भाऊ?"

भावाने हातातले नट दाखवले. मिस्तरींनी चष्मा पुसून तुकडे उन्हात धरले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एक तुकडा बोटावर ठेवला. "हा आधीच गेलेला. याचं तोंड काळं पडलंय बघा." मग दुसरा. "हा आजचा. चमकतोय अजून."

मी दोन्ही तुकडे पाहिले. पहिल्याचा तुटलेला भाग काळपट, बराचसा गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानीसारख्या बारीक रेषा. दुसरा खरबरीत, दाणेदार. इंजिनिअरिंगच्या भाषेत पहिला होता 'फटीग'चा तुकडा: भेग थोडी थोडी करत पुढे सरकली आणि एका दिवशी धातू संपला. दुसऱ्यावर अचानक दुपटीचं ओझं आलं आणि तो एका झटक्यात गेला. कॉलेजमध्ये आम्ही हे मायक्रोस्कोपखाली बघायचो. मिस्तरींनी रस्त्याकडेला चष्म्यातून वाचलं.

"कुठे आवळले हे?"

"पुण्यात. टायर बदलले तेव्हा."

"गननं?"

"हो."

मिस्तरींनी उरलेल्या नटांपैकी एकाला पाना लावला आणि पोऱ्याला जोर लावायला सांगितलं. नट हलेना. पान्याला पाईप जोडला, तेव्हा कुठे 'कट्ट' आवाज करत सुटला. "आणि आता हा बघा," म्हणत दुसरा नट त्यांनी जवळजवळ बोटांनीच फिरवला. एक जिवापाड आवळलेला, दुसरा ढिला. तुटण्याचं कारण तिथेच उघडं पडलं होतं.

गाडी जॅकवर, पुढच्या चाकांना दगड, चाक बाहेर. ड्रम काढून बाजूला ठेवला. पोऱ्या तुटका स्टड सॅम्पल म्हणून खिशात घालून दोंडाईच्याकडे निघाला. "आठ आण," मिस्तरींनी बजावलं.

"आठ कशाला काका? दोनच तर तुटलेत," भाऊ म्हणाला. "दोन घाला, बाकीचं पुण्याला गेल्यावर बघतो."

मिस्तरी ड्रमचा गंज घासत होते. मान वर न करता म्हणाले, "दोन गेले तेव्हा त्यांचं ओझं या दोघांनी उचललं, भाऊ. दिसायला साबूत आहेत, पण आतून दमलेत. दोनच घालायचे असतील तर दुसरा मिस्तरी बघा. मागे आई बसते ना तुमची?"

भाऊ गप्प. आठ स्टड आले.

स्टड बदलतात तरी कसा?

पुढचा तासभर जे पाहिलं, तीच स्टड बदलायची सर्वसाधारण रीत. तुम्ही स्वतः करावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण गॅरेजमध्ये उभे असाल तर काय बरोबर आणि काय जुगाड, हे कळायला हवं.

पहिली पायरी: जुना स्टड बाहेर काढणं. तो मागून बसवलेला असतो, त्यामुळे पुढून मागे ढकलावा लागतो. ड्रम गाडीवरून उतरवलेला असेल तर खालून नीट आधार देऊन ठोकून काढता येतो. प्रेस असेल तर उत्तमच. मात्र हब गाडीवर असताना हातोड्याचे घाव घातले, की ते थेट बेअरिंगला बसतात. आज स्टड वाचला आणि महिन्याभराने बेअरिंग घुमायला लागलं, असा सौदा नको. पुढच्या चाकांत तर कधी कधी मागे स्टड बाहेर काढायला जागाच नसते. हब फिरवून मोकळी फट शोधावी लागते, नाहीतर हब उतरवावा लागतो. म्हणून पुढच्या चाकाच्या कामाला जास्त वेळ आणि जास्त पैसे लागले तर लगेच 'लुटलं' म्हणू नका.

दुसरी पायरी: योग्य स्टड. 'बारा नंबरचा द्या' म्हणून भागत नाही. जाडी तर हवीच, पण आट्यांमधलं अंतरही जुळायला हवं. मारुतीचे स्टड १२ मिलिमीटरचे आणि आटे १.२५ मिलिमीटरवर, तर टोयोटा, होंडा, ह्युंदाईमध्ये जाडी तीच पण आटे १.५ मिलिमीटरवर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. चुकीचा नट सुरुवातीला दोन फेरे गपचूप फिरतो, मग अडतो, मग कुणीतरी गन लावतो आणि दोघांचेही आटे जातात. शिवाय दात्यांचा व्यास आणि लांबी वेगळीच. म्हणून सॅम्पल सोबत नेणं हा खेडवळपणा नाही, तोच शहाणपणा.

तिसरी पायरी: नवा स्टड बसवणं. मागून घालायचा, दाते जुन्या खाचांमध्ये जुळवायचे, पुढून जाड वॉशरांची चळत चढवायची आणि नट उलटा, म्हणजे सपाट बाजू वॉशरकडे करून, हळूहळू आवळत जायचं. स्टड खेचला जात जात मागचं डोकं हबला टेकतं. ते पूर्ण टेकलंय का, हे मागे वाकून बघायचंच. अर्धवट बसलेला स्टड पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये आपोआप आत सरकतो आणि नट ढिला पडतो. या खेचाखेचीत वापरलेला नट मग फेकून द्यायचा.

चौथी पायरी: चाक परत चढवण्याआधी ड्रम आणि रिम यांचे टेकणारे भाग घासून साफ करणं. गंज, माती, रंगाचा जाड थर... मधे काहीही अडकलं, की ते काही दिवसांत दबतं आणि चार हत्तींमधला एक गुपचूप निघून जातो.

पाचवी पायरी: नट आधी हाताने फिरवायचे, मग समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे. ओळीने आवळले की चाक तिरकं बसतं. शेवटचा आवळा गाडी जमिनीला टेकल्यावर.

शिंदखेड्याच्या त्या मिस्तरींकडे टॉर्क रेंच नव्हता. त्यांनी गाडीच्याच टूलकिटमधला छोटा पाना घेतला, दोन्ही हातांनी आवळलं आणि थांबले. पाय दिला नाही, पाईप लावला नाही. भावाने विचारलं, "एवढंच?" तर म्हणाले, "कंपनीनं पाना छोटा दिलाय तो काय लोखंड वाचवायला?"

घरी येऊन मी हिशोब केला. पाना साधारण ३० सेंटीमीटरचा असेल आणि माणसाने त्यावर ३४ किलोचा जोर लावला, तर टॉर्क होतो जवळपास १०० न्यूटन-मीटर. परफेक्ट! आता तोच माणूस, वजन ७० किलो, पान्याला पाईप लावून हबपासून अर्ध्या मीटरवर उभा राहिला तर? सुमारे ३४० न्यूटन-मीटर. हवं होतं त्याच्या तिपटीहून जास्त. 'घट्ट म्हणजे सेफ' असं वाटून आपणच स्टडचा जीव घेतो. एकदा मर्यादेपलीकडे ताणलेला स्टड परत मूळ लांबीवर येत नाही. आटे लांबट होतात, चिमट्याची पकड जाते. अशा स्टडची खूण सोपी आहे: स्वच्छ नट हाताने फिरवत नेला, की अर्ध्यातच अडकतो. भावाच्या गाडीच्या उजव्या मागच्या चाकाचे दोन स्टड असेच निघाले. आठ का मागवले होते, ते तेव्हा कळलं.

शहरातली दुकानं वाईट आणि गावातला मिस्तरी देवमाणूस, असा हा सिनेमा नाही. शहरातल्या चांगल्या दुकानात भिंतीवर टॉर्क रेंच टांगलेला असतो, गावात तो मिळणं कठीण. गनही वाईट नाही. नट सोडवायला आणि टेकेपर्यंत फिरवायला ती झकास. प्रश्न शेवटच्या 'टर्रर्र'चा आहे. पुढची गाडी हॉर्न देत असते, आपण घड्याळ बघत असतो आणि वीस मिनिटांत काम झालं म्हणून फाइव्ह स्टार रेटिंगही आपणच देतो. भिंतीवरचा रेंच भिंतीवरच राहतो.

मोनॅकोचा नट, टोयोटाचा बोल्ट

ही फक्त आपल्याकडची कहाणी आहे असं समजू नका. फॉर्म्युला वनमध्ये चाकाला एकच मोठा नट असतो. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनच्या टीमने लँडो नॉरिसची चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. तुमचा 'हाय' टाइप होईपर्यंत गाडी निघूनसुद्धा गेली! पण त्याच खेळात मे २०२१ ची मोनॅको ग्रां प्री आठवा. मर्सिडीजचा वाल्टेरी बोटास दुसऱ्या नंबरवर होता. पिटमध्ये आला, पुढच्या उजव्या चाकावर गन तिरकी बसली, नटाचे खाचे झिजून गुळगुळीत झाले आणि चाक निघेचना. रेस संपली. ते चाक शेवटी निघालं दोन दिवसांनी, इंग्लंडमधल्या कारखान्यात. जगातले सर्वांत महागडे मेकॅनिक, जगातली भारी गन, पण नटाने 'नाही' म्हटलं की नाही.

२०२२ मध्ये टोयोटाने आपली बीझेडफोरएक्स ही नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी बाजारात येऊन जेमतेम काही आठवडे झाले असताना परत मागवली. जगभरात सुमारे २,७०० गाड्या. कारण बॅटरी नव्हती, सॉफ्टवेअर नव्हतं. चाकाचे बोल्ट वापरात ढिले पडून चाक निखळण्याचा धोका होता. दुरुस्ती सापडेपर्यंत कंपनीने मालकांना सांगितलं, गाडी चालवू नका. एवढ्या मोठ्या कंपनीने कमीपणा न मानता थांबवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि जुन्या जीपची गंमत तर ऐकाच. महिंद्राने विलीज जीप आपल्याकडे जोडायला घेतली, हे तुम्हाला माहीत असेल. युद्धकाळातल्या त्या विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. म्हणजे सोडवायला नट उजवीकडे फिरवायचा. हेतू असा, की चाक पुढे फिरताना नट सुटू नयेत. ज्याला हे ठाऊक नाही, तो पाईप लावून नट 'सोडवायला' जातो आणि प्रत्यक्षात आवळत आवळत स्टड मोडून टाकतो. हौसेने जुनी जीप घेताय? आधी स्टडच्या टोकावर 'एल' अक्षर आहे का बघा.

त्या जोकमधली अडचण

तुम्हाला तो जुना जोक आठवतो का? मेंटल हॉस्पिटलच्या दारात एकाचं चाक पंक्चर होतं, बदलताना चारही नट गटारात पडतात. गेटवर उभा असलेला पेशंट सांगतो, बाकीच्या तीन चाकांचा एकेक नट काढून इथे लाव की! तो माणूस चाट पडतो. पेशंट म्हणतो, "मी इथे वेडा म्हणून आहे, मूर्ख म्हणून नाही."

आयडिया शंभर टक्के खरी आहे, आणीबाणीत हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जाण्यापुरती. पण ती नट हरवले असतील तर. स्टडच तुटले असतील, तर दुसऱ्या चाकाचे कितीही नट आणा, लावणार कशावर? आणि तिथेच 'अजून दोन तर आहेत, जाऊ या हळूहळू' हा विचार घात करतो. चाराचे दोन झाले की उरलेल्या दोघांवर ओझं दुप्पट होतं असा सरळ हिशोब करू नका. चिमटा ढिला पडतो, चाक हलायला लागतं आणि दोघांना दर फेऱ्याला वाकवणारे फटके बसतात. ते किती टिकतील, याची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. सुटलेलं चाक सरळ रेषेत पळतं आणि समोर कोण आहे ते बघत नाही.

एवढं तरी करा!

● टायर बदलला, पंक्चर काढलं, अलाइनमेंट केलं, की दुकानदाराला हसून विचारा, "शेवटचं टॉर्क रेंचने कराल ना?" मॅन्युअलमधला आकडा फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

● चाक उघडल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या. लाँग ड्राइव्हच्या आदल्या दिवशी टायर बदलत असाल, तर पहिल्या चहाच्या स्टॉपवर हे काम करा.

● 'टक टक' आवाज, स्टिअरिंगची थरथर, गाडी लंगडतेय असं वाटणं, व्हीलकॅपमध्ये खुळखुळ... यातलं काहीही जाणवलं की म्युझिक वाढवू नका. बाजूला थांबा.

● नटाच्या आजूबाजूला गंजाचे ताजे ओघळ दिसले, तर नट हलतोय असं समजा.

● एक स्टड तुटला तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनाही निवृत्त करा. दोन तुटले तर त्या चाकाचे सगळेच बदला. एक स्टड कॉफी शॉपमधल्या एका कपापेक्षा स्वस्त असतो.

● हौसेने अलॉय बसवताय? नट त्याच अलॉयला शोभणारे घ्या. जुन्या स्टील रिमचे नट नव्या अलॉयच्या खोबणीत नीट टेकतीलच असं नाही.

● पान्याला पाईप फक्त सोडवायला. आवळायला कधीच नाही.

आपल्या पिढीला सगळं ॲपवर हवं असतं. रोडसाइड असिस्टन्सचा नंबर असतोच, आणि तो असावाच. पण प्रत्येक गोष्ट कुणीतरी दुसरा बघून घेईल, या सवयीची एक किंमत असते आणि ती नेहमी आपणच भरतो असंही नाही. कधी ती मागच्या सीटवर डुलकी घेत बसलेला माणूस भरतो, कधी समोरून स्कूटरवर येणारा कुणीतरी अनोळखी. त्यांना आपल्या गाडीच्या नटांचा हिशोब ठाऊक नसतो. त्यांनी आपल्यावर भरवसा टाकलेला असतो, न विचारता.

म्हणून या शनिवारी गाडी धुवायला दिलीत, की पाच मिनिटं काढा. मॅन्युअलची पिशवी फाडा. टॉर्कचा आकडा शोधा. चारही चाकांपाशी खाली वाका आणि नट मोजा. सगळे हजर असतील तर छान. आणि सोसायटीतलं कुणी विचारलंच, 'काय हरवलं का हो?' तर बिनधास्त सांगा, "काही नाही, हजेरी घेतोय!"